प्रकरण चौदावं : साळूबाईच्या दारचं पाणी

धोंड्याच्या दिवशी सासूनं जावयाला नाही म्हणू नये, हा रिवाज. जावयानंही त्या दिवशी सासूला नाही म्हणू नये, ही भर वच्छलाबाईंनी स्वतःच्या अकलेनं घातलेली. अधिक महिना सरायला चार दिवस उरले होते आणि त्या एका भरवशावर त्यांनी सगळ्या खळवाडीला जबान देऊन ठेवली होती.

जबान दिली ती मागच्या आठवड्यातल्या ग्रामसभेत. वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळा बंद करून पोरं करमाडच्या शाळेत घालायची, असा कागद आला होता. पट दहाच्या आत गेला म्हणून. ग्रामसेवक कागद वाचत होता, तोवर वच्छलाबाई उठल्या. बायांच्या बाजूला बसायचं सोडून मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"त्या शाळेची जागा आमच्या खळ्याची," त्या म्हणाल्या. "बहात्तरच्या दुष्काळात तिचे दगड मी डोक्यावर वाहिलेत. पाटलाची सून असून वाहिलेत. ती बंद करणारा कोण हाय, मला बघू तर द्या. आणि ज्या घरानं पोरं काढून पट पाडला ना, त्या घरात मी पाण्याचा थेंब घेणार नाय. सांगून ठेवते!"

सभा चिडीचूप झाली. कुणी मान हलवली नाही, कुणी हूं की चूं केलं नाही. शाळेचे सांडू गुरुजी तर आपल्या चपलेचा तुटका पट्टा बघत बसले. थोरल्या बन्सीनं मागून आईचा पदर ओढला, तो त्यांनी झटकला. आपल्या बोलण्याचा अजून एवढा वचक आहे, या समाधानात त्या दिवशी वच्छलाबाई एक भाकर जास्त जेवल्या.

आता राहिली होती फक्त सही, आणि सही तर घरातच होती. शाळेचा अहवाल द्यायचा होता करमाड बीटच्या विस्तार अधिकाऱ्यानं, म्हणजे त्यांच्या यमुनेच्या नवऱ्यानं. वैजनाथराव शनिवारी धोंड्याला येणार आणि अहवाल सोमवारी जाणार. पंचांगात शोधूनही असा मुहूर्त सापडला नसता.

शनिवारी सकाळपासून स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. बाहेर मृग लागूनही ऊन मे महिन्याचं. आशा, म्हणजे बन्सीची बायको, पुरण भरलेले धोंडे चाळणीत उकडायला लावत होती. गंगापूरकडची लेक. बारा वर्षं झाली, सासूच्या शब्दाबाहेर पाऊल नाही. धाकटी कालिंदी पितळी ताटात अनारसे रचत होती. ती शिक्षकाची पदविका घेऊन सात वर्षं भरतीची वाट बघत बसलेली. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत. तिच्याशी वच्छलाबाई जपून असत. शिकलेली सून गप्प बसली की त्यांना जास्त भीती वाटायची.

"आशा, झाकण काढायलीस कशाला घडीघडी? वाफ जाती ना."

"बघितलं फक्त, आत्याबाई."

"बघून शिजतं व्हय? चौथी पास तू, तुला काय कळतं. आणि तो माठ चुलीपासून लांब सरकव म्हणलं होतं. कालिंदी, अनारसे मोज."

"तेहतीस आहेत. दोनदा मोजले."

"तिसऱ्यांदा मोज. तू शिकलेली, तुझा भरवसा नाय."

कालिंदीनं तिसऱ्यांदा मोजले. मोजताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते वच्छलाबाईंना दिसलं, पण कामाच्या दिवशी त्यांनी ते सोडून दिलं.

"आता नीट ऐका," त्या पाटावर बसत म्हणाल्या. "जावयाचा रुसवा काढायचा. मागतील ते द्यायचं. बन्सीनं अंगठी आणलीच हाय, माझ्या कनवटीला हाय ती. मग पहिला धोंडा त्यांच्या तोंडात गेला की मी शाळेचा विषय काढणार. तोंड भरलेलं राहील. नाय म्हणायला जागाच राहायची नाय."

"आणि त्यांनी मान हलवली तर?" कालिंदीनं विचारलं.

"मान कशी हलते ते मी बघते. शाळा एकदा वाचली की तिच्या कमिटीची अध्यक्ष मीच होणार. हिरवं लुगडं काढून ठेवलंय."

आशा आणि कालिंदीनं एकमेकींकडं बघितलं. या दोघी जावा वर्षातून दोनदाच एकमेकींकडं अशा बघत, आणि दोन्ही वेळा त्याचा त्रास वच्छलाबाईंना होई. पण तेवढ्यात दारात गाडीचा आवाज झाला आणि ते बघणं तसंच राहून गेलं.

वैजनाथराव उतरले. अंगानं भरलेले, बोलायला कमी, जेवायला पुरेपूर असा जावई. काखेत मात्र कचेरीची पिशवी होती, आणि पिशवीतून एक लांबडं रजिस्टर डोकावत होतं. मागून यमुना आली, तिनं आईच्या पाया पडता पडता कानात सांगितलं, "माय, आज तो विषय काढू नको."

"कोणता गं विषय?"

"तोच. मी हात जोडते."

"तू माहेरी आलीस का सासरहून पहारा द्यायला आलीस?" वच्छलाबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर एक चापट दिली, जी अर्धी मायेची होती.

बन्सी आणि आशानं परातीत जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. पाटाभोवती रांगोळी. ताटात धोंडे, त्यावर तुपाची धार, वाटीत आमरस, कुरडया. शेजारी तेहतीस अनारसे आणि त्यांवर ठेवलेला दिवा. धाकटा बद्रीनाथ सुट्टी टाकून घरी राहिला होता, तो समोर बसला. चारी लेकरं, आशाची दोन आणि कालिंदीची जुळी, दाराच्या चौकटीला लटकली. जेवायच्या आधी आत्याचा नवरा रुसणार, हे त्यांना माहीत होतं आणि त्यासाठीच ती थांबली होती.

या घरात धोंड्याला जावयानं रुसायचं असतं. हात मागं बांधून बसायचं आणि मनातलं मागायचं; मिळेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला वैजनाथरावांनी घड्याळ मागितलं होतं, दुसऱ्याला गावरान कालवड. कालवड मागितली तेव्हा बन्सी आठ दिवस बोलला नव्हता.

वैजनाथरावांनी हात मागं बांधले.

"रुसा, रुसा," वच्छलाबाई खुशीत म्हणाल्या. "पण उलसंच रुसा, धोंडे निवतील. मागा काय मागायचं ते. वच्छलाबाईच्या तोंडून गेलं म्हणजे दिलं समजा."

"काहीही, मामी?"

"काहीबी. माझ्या घरात असेल ते."

"तुमच्या घरातच आहे." वैजनाथरावांनी दाराकडं बघितलं. "ही चार लेकरं द्या मला."

सगळे हसले. वच्छलाबाई सगळ्यात जास्त हसल्या. "न्या की! दोन दिवसांत परत आणून सोडसाल. ही धाकटी रोज सकाळी कोंबड्यांना शिव्या देती."

"घरी नाही न्यायची. शाळेत न्यायची. आपल्या वस्तीवरच्या."

हसणं जिथल्या तिथं राहिलं. वैजनाथरावांनी पिशवीतलं रजिस्टर काढलं, मांडीवर ठेवलं आणि एक पान उघडलं. ताटातला वास नाकात जात असताना हे काम करणं त्यांना जड जात होतं, हे दिसत होतं.

"मामी, गेल्या जूनला पट अकरा होता. जुलैत सात झाला. तो आजही सातच आहे. सोमवारपर्यंत दहाच्या वर गेला तर मी आनंदानं लिहीन की शाळा चालू ठेवावी. नाही गेला तर माझ्या हातात काही नाही."

"जुलैत चार कमी झाले?" वच्छलाबाई म्हणाल्या. "कुणाची गेली? नाव सांगा. मी आत्ता त्यांच्या दारात जाते."

 बन्सी पंख्याकडं बघायला लागला. बद्रीनाथनं कुरडईचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरला. यमुनेनं डोळे मिटून घेतले. आणि वच्छलाबाईंना वाटलं, ही शांतता आपण कुठंतरी ऐकलीय. ग्रामसभेत. अशीच. सांडू गुरुजी असेच खाली बघत होते.

त्यांनी दारातली लेकरं मोजली. मोजायला काही अवघड नव्हतं.

"आपली?" त्या म्हणाल्या.

"आपलीच, माय," बन्सी म्हणाला. "म्हणून पदर ओढत होतो."

"मग तोंड नव्हतं व्हय तुला?"

"तू बोलत असताना?"

आपल्या घरची पोरं म्हणजे पटात धरायची पोरं, हे वच्छलाबाईंच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. पट म्हणजे गावातल्या लोकांचा. पाटलाच्या घरची लेकरं ती पाटलाच्या घरची. पण रजिस्टरला हा फरक कळत नव्हता.

"कुणाच्या अकलेनं काढली?" आवाज चढवून त्यांनी आशाकडं बघितलं. हरल्यावर आशाकडं बघायची त्यांना सवय होती.

आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आशानं पदर खोचला.

"तुमच्या, आत्याबाई. शेजारच्या मळ्यातली पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जायला लागली, तवा तुम्हीच म्हणलात, पाटलाची लेकरं काय पायी जातील? गाडी आपल्याबी दारात वाजली पाहिजे. मी पेढे वाटले होते तुमच्या सांगण्यावरून."

"म्हणले असंल. मग तू नाय म्हणायचं."

"मी? तुम्हाला?" आशा हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आता मी नाय म्हणते. माझी पोरं गाडीतच जाणार. टाय घालूनच जाणार."

बन्सीनं पटकन मधे उडी घेतली. त्याला सरपंचकीची निवडणूक लढवायची होती, त्यामुळं भांडणात दोन्ही बाजू खूश करायची सवय त्याला लागली होती. "हे बघा, वैजनाथराव. नावं इथं घालू, पोरं तिथं जातील. पटबी झाला, टायबी राहिली."

"भाऊसाहेब, आधार नंबर पडतो संगणकात. एक लेकरू दोन शाळांत दिसलं की लाल होतं. मग मीही लाल होतो."

"उलसं लाल झालं तर काय होतंय?"

"दादा," यमुना म्हणाली, "नोकरी जाते."

"माझी दोन घ्या," कालिंदी एकदम म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. तिच्या नवऱ्यानंही. वच्छलाबाईंना वाटलं होतं, धाकटी शिकलेली, तीच सगळ्यांत आधी पाय आपटणार.

"इंग्रजी शाळेत त्यांना काय शिकवतात ते मी रोज घरी परत शिकवते," कालिंदी म्हणाली. "मग वस्तीच्या शाळेत जाऊन शिकवीन. दुपारी एक तास इंग्रजी मी घेते, सगळ्या पोरांचं. भरतीची वाट बघत बसले सात वर्षं. वस्तीच्या शाळा अशा बंद होत गेल्या तर भरती कशाची होणार? सांडू गुरुजींनी बसू द्यावं फक्त."

"शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव घेतला की बसता येतं," वैजनाथराव म्हणाले.

"मी अध्यक्ष झाले की पहिला ठराव तोच," वच्छलाबाई म्हणाल्या.

वैजनाथरावांनी खोकून घसा साफ केला. "मामी, अध्यक्ष पालकच लागतो. त्या शाळेतल्या लेकराची आई नाहीतर बाप. आजी चालत नाही."

हिरवं लुगडं परत ट्रंकेत गेलं, असं वच्छलाबाईंना आतल्या आत दिसलं. घशाला कोरड पडली. "पाणी दे गं," त्या सवयीनं म्हणाल्या. कालिंदीनं तांब्या भरून दिला. त्यांनी तो ओठाला लावला आणि तिथंच थांबल्या.

सगळं घर त्या तांब्याकडं बघत होतं.

ज्या घरानं पट पाडला त्या घरात थेंब घेणार नाय. चारशे माणसांसमोर म्हणाल्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि चपला न घालताच बाहेर पडल्या.

"माय, कुठं?" बद्रीनाथ ओरडला.

"तहान लागली मला!"

समोरच्या गल्लीत साळूबाईचं पत्र्याचं घर. चाळीस वर्षं ती वच्छलाबाईंच्या शेतात राबली. आता गुडघे गेले, म्हणून शेळ्या राखायची. लिंबाखाली शेळीला पाला टाकत होती.

"साळू, पाणी दे."

साळूबाईनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या अनवाणी पायांकडं, मग समोरच्या घराकडं. "जावई आलाय ना घरात?"

"आलाय."

"मग?"

"मग काय मग? तहान लागली."

"चाळीस वर्षं तहान लागली नाय माझ्या दारी, पाटलीणबाई. आजच काहून लागली?"

वच्छलाबाईंनी पदर आणखी पुढं ओढला.  "दे की आता," त्या म्हणाल्या, आवाज उतरवून. "मग बोल काय बोलायचं ते."

साळूबाई आत गेली. घासून लख्ख केलेला तांब्या आणून तिनं लिंबाखालच्या माठातून भरला, पण हातात दिला नाही. बाहेरच्या दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली. जसा तिला वच्छलाबाईंच्या ओट्यावर मिळायचा, अगदी तसा.

वच्छलाबाई वाकल्या. कंबर कुरकुरली. त्यांनी तांब्या उचलला आणि एका दमात निम्मा रिकामा केला.

"थंड हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या माठापेक्षा थंड हाय."

"लिंबाखाली ठेवते मी. तुमची सून चुलीजवळ ठेवती." आता मात्र साळूबाईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती दगडावर बसलीच. "तुम्ही ग्रामसभेत शपथ घेतली ना, तवाच मी म्हणलं, झालं! आता पाटलीण आपल्याच घरात तहानेनं मरती."

"तुला म्हाइत होतं?"

"शेळीला म्हाइत होतं."

"मग बोलायचं होतंस की."

साळूबाईचं हसू जरा कमी झालं. "मी काय बोलू? माझी नात तुमच्या सुनेच्या पोरांच्या मागं मागं शाळेत जायची. तुमची गेली, ती त्या सातांत मागं राहिली. आता करमाडला जायचं तर जालना रोड ओलांडायचा. ट्रका कशा येत्यात बघितल्यात का? तिची आय म्हणती, घरीच राहू दे, शेळ्या राखंल." तिनं पाल्याची फांदी मोडली. "सात वर्षांची हाय. वाचायला लागली होती."

वच्छलाबाई तिच्या शेजारी दगडावर बसल्या. गल्लीत बघता बघता बाया गोळा झाल्या. कुणी लाकडं मोजायला निघाली, कुणी कोंबडी शोधायला. पाटलीणबाई साळूच्या दगडावर बसून पाणी प्यायल्या, ही बातमी दुपारपर्यंत करमाडच्या बाजारात पोचणार, हे वच्छलाबाईंना कळत होतं. त्यांनी उरलेलं पाणीही सगळ्यांना दिसेल असं, सावकाश प्यायलं.

थोड्या वेळानं आशा आली. डोक्यावर पदर, चेहरा लाल.

"घरी चला, आत्याबाई. जावई उपाशी बसलेत."

"जेवा म्हणावं त्यांना."

"ते म्हणत्यात, मामी घरातलं पाणी पितील तवाच जेवीन. यमुनाताईंनी तीनदा सांगितलं. ताटाकडं नुसतं बघत बसलेत." आशानं आजूबाजूच्या बायांकडं बघितलं. "लोक हसायलेत."

"हसू दे. मी इथंच राहते. साळू, तुझ्याकडं बाज हाय ना?"

"एक पाय मोडका हाय तिचा."

"चालंल."

आशा उभी राहिली, मग तीही खाली बसली. तिघी एका दगडावर मावेनात, म्हणून ती मातीतच बसली, जावयाच्या धोंड्यासाठी नेसलेल्या नव्या लुगड्यानिशी.

"मी अशाच शाळेत शिकले, आत्याबाई," ती म्हणाली. "गंगापूरकडं, उसाच्या फडाशेजारी. एक खोली, एक गुरुजी. आणि बारा वर्षं तुम्ही मला काय म्हणता? चौथी पास तू, तुला काय कळतं. पावण्यांसमोर म्हणता. कालिंदीसमोर म्हणता. आज सकाळी धोंडे उकडताना म्हणलात. पोरांच्या गळ्यात टाय बघितली की मला वाटायचं, सुटली बाई. यांना असं कुणी म्हणायचं नाय."

वच्छलाबाईंनी तांब्या हातात फिरवला. रिकामा होता.

"मी तर चौथीबी नाय," त्या म्हणाल्या. "त्याच खोलीत, पोरं घरी गेल्यावर, बायांचा वर्ग भरायचा. तिथं सही शिकले. तेवढंच. तू घरात आलीस तवा पेपर वाचत आलीस. पहिल्याच दिवशी. तुझ्या सासऱ्यांनी मला सांगितलं, बघ, सून पेपर वाचती."

"मग? खूश व्हायचं."

"व्हयचं होतं. पण मला वाचता येत नव्हता ना." त्यांनी नाक पुसलं. "तू चौथी होतीस म्हणून म्हणायचे, चौथी पास. पाचवी असतीस तर पाचवी पास म्हणले असते."

"आणि कालिंदीला?"

"तिला तर मी काय म्हणावं तेच सापडंना झालंय."

साळूबाई आता खुल्लमखुल्ला हसत होती. आशालाही हसू फुटलं, मग ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं, मग दोन्ही एकदमच चाललं.

"माझी दोन देते," ती शेवटी म्हणाली. "पण माझी अट हाय."

"बोल."

"कमिटीची अध्यक्ष मी होणार. आणि मीटिंगीत तुम्ही बोलायचं नाय."

"एक शब्दबी नाय?"

"एकबी नाय. दारात बसायचं, चहा प्यायचा, घरी यायचं."

वच्छलाबाईंनी साळूबाईकडं बघितलं, मदतीसाठी. साळूबाईनं शेळीकडं बघितलं.

"आणि हिची सून कमिटीत घ्यायची," वच्छलाबाई म्हणाल्या. "ही माझी अट. नात शेळ्या राखायची नाय. शेळ्या ही राखंल."

"माझे गुडघे गेलेत, पाटलीणबाई."

"तवाच बसून राखशील."

गुरुजी त्याच दुपारी शाळेत भेटले. पंधरा तारखेला शाळा उघडायची म्हणून दाराला रंग लावत होते. हाताला निळा रंग, केसांना निळा रंग. एवढी वरात बघून ब्रश हातातून गळून पडला. पुढं चार लेकरं, मागं दोन सुना, दोन मुलगे, लेक, उपाशी जावई, साळूबाई, तिची नात, आणि मागाहून कोंबडी शोधायला निघालेल्या सगळ्या बाया. गुरुजींनी हात धोतराला पुसले, धोतर निळं केलं आणि प्रवेशाचं रजिस्टर आणलं.

वच्छलाबाई बाहेरच थांबल्या. शाळेच्या भिंतीच्या पायथ्याला एक काळा दगड होता, त्यात पांढरी शीर. तो त्यांच्याच डोक्यावर आला होता. उतरवताना पदर फाटला होता आणि मुकादम ओरडला होता. त्यांनी त्या दगडाला पायाचा अंगठा लावून बघितला. हलला नाही.

आत आशानं पालक म्हणून सही केली. सावकाश, जीभ दातात धरून. वच्छलाबाईंनी खिडकीतून मान उंचावून बघितलं. अक्षर सरळ होतं. त्यांच्यापेक्षा सरळ. मग कालिंदीनं दोन सह्या केल्या, त्या इतक्या वेगात की बघणाऱ्याला काही कळूच नये.

"पट अकरा," वैजनाथरावांनी मोजून सांगितलं. "मामी, आता तरी घरी चला. मी रुसलो नाहीये, मी भुकेला आहे."

घरी धोंडे निवले होते. निवलेले धोंडे वैजनाथरावांनी गरम असल्यासारखे खाल्ले. किती खाल्ले, तो आकडा यमुनेनं कुणालाच कळू दिला नाही. कनवटीची अंगठी वच्छलाबाईंनी त्यांच्या बोटात घातली. लेकरं मागितली ती मागितली, पण जावई रिकाम्या बोटानं गेला असं गावानं म्हणायला नको. बन्सी ओट्यावर जाऊन गाडीवाल्याला फोनवर सांगत होता, उद्यापासून नको, परवापासूनबी नको, आणि निवडणुकीत मात्र लक्ष असू द्या.

आशा माठाकडं गेली. तांब्या भरला आणि सासूच्या हातात दिला. हातात.

वच्छलाबाई प्यायल्या. पाणी कोमट होतं. माठ अजूनही चुलीजवळच होता. त्यांचं तोंड उघडलं, जीभ सरसावली, चौथीपर्यंत आली.

आशानं एक बोट वर केलं.

"कमिटी आजपासून का पंधरा तारखेपासून?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"आजपासून."

वच्छलाबाईंनी तोंड मिटलं. उरलेलं पाणी घटाघटा प्यायल्या आणि रिकामा तांब्या सुनेपुढं धरला.

"अजून दे," त्या म्हणाल्या. "लई चांगलं हाय."